कागद, फळा आणि बोलणे : सॉफ्टवेअरच्या घडणीतील एका वादाचा इतिहास

सॉफ्टवेअर हे मुळात लेखन आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. ते माणसे लिहितात आणि बहुधा अनेक माणसे मिळून लिहितात. त्याच्या आवृत्त्या निघतात. मूळ लेखक निघून गेल्यावर परक्या माणसांना ते वाचावे लागते, त्याचा अन्वय लावावा लागतो आणि त्यात भर घालावी लागते. साहजिकच संहिता, भाष्य आणि परंपरा यांविषयीचे जे प्रश्न आपण वर्गात चर्चितो, ते तिथेही निराळ्या नावांनी उभे राहतात.

प्रस्तुत लेखात अशाच एका वादाचा मागोवा घ्यायचा आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की प्रोग्राम लिहिण्यापूर्वी त्याचे मॉडेल, म्हणजे त्या व्यवहाराचे सुसंगत चित्र, आकृत्यांच्या रूपाने कागदावर उतरले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की ज्ञान माणसांच्या बोलण्यातून आणि चालू प्रोग्राममधून वाढते, त्यामुळे थोडे लिहावे, चालवून पाहावे आणि बदलावे. या दुसऱ्या पद्धतीला २००१ सालापासून ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, हे नाव मिळाले. पुढे दोन्ही पक्षांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले. तो मेळ कोणत्या अर्थाने बसला आणि त्यात कोणाचा विसर पडला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१

१९६८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात नाटोच्या विज्ञान समितीने जर्मनीतील गार्मिश या गावी एक परिषद भरवली. सॉफ्टवेअरचे मोठे प्रकल्प वेळेत पुरे होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि हाती येणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवता येत नव्हता. ‘सॉफ्टवेअरमधील अरिष्ट’ हा शब्दप्रयोग या परिषदेमुळे रूढ झाला. त्यावर सुचवलेला उपाय परिषदेच्या शीर्षकातच होता: सॉफ्टवेअरला अभियांत्रिकीची शिस्त लावावी. पूल बांधणारा अभियंता आधी नकाशा काढतो, हिशेब करतो आणि मग बांधकामाला हात घालतो. प्रोग्रामरनेही तसेच का करू नये?

या परिषदेच्या अहवालाचे एक संपादक पीटर नाउर हे डॅनिश संगणकतज्ज्ञ होते. सॉफ्टवेअर रचणाऱ्यांची स्थिती वास्तुरचनाकारांसारखी आहे, तेव्हा त्यांच्याकडून शिकावे, असे त्यांनी तिथे सुचवले आणि उदाहरणादाखल ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या १९६४ सालच्या ग्रंथाकडे बोट दाखवले. नाउर आणि अलेक्झांडर ही दोन्ही नावे पुढे पुन्हा येणार आहेत, आणि तीही वादाच्या दुसऱ्या बाजूला.

दोन वर्षांनी, १९७० साली, विन्स्टन रॉइस यांचा मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी एक आकृती आहे: गरजा, विश्लेषण, रचना, लेखन, चाचणी, वापर. एकेका पायरीवरून खाली उतरत जाणारी ही मांडणी पुढे ‘धबधबा’ या नावाने जगभर शिकवली गेली. मजेची गोष्ट अशी की रॉइस यांच्या निबंधात हा शब्द नाही. शिवाय ही आकृती दाखवल्यावर लगेचच त्यांनी बजावले आहे की या रीतीने काम करणे धोक्याचे आहे आणि अपयशाला निमंत्रण देणारे आहे. पहिल्यांदाच करायचे काम असेल तर ते दोनदा करावे, आधी छोटे प्रायोगिक रूप घडवावे, ग्राहकाला वेळोवेळी सहभागी करून घ्यावे, असे उपाय उरलेल्या पानांवर आहेत.

खंडनासाठी मांडलेला पूर्वपक्षच ग्रंथकाराचा सिद्धान्त म्हणून प्रसिद्धीस यावा, हा प्रकार तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना नवा नाही. येथे त्याचे परिणाम मात्र दूरगामी ठरले. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर-खरेदीसाठी जे मानक लागू केले, ते व्यवहारात याच एकदिश उतरणीचे मानक म्हणून वाचले गेले. अर्थात रॉइस यांना कागदांचे वावडे होते असे समजू नये. पन्नास लाख डॉलरच्या सॉफ्टवेअरसाठी दीड हजार पानांचे वर्णन योग्य ठरेल, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या निबंधात पुनरावृत्ती आणि लेखनबद्धता या दोन्हींचा आग्रह आहे. वाचकांनी त्यातला एकच उचलला.

२

१९८० नंतरच्या दशकात प्रोग्राम रचण्याची नवी रीत रूढ होऊ लागली. ‘खाते’, ‘ग्राहक’, ‘पावती’ अशा व्यवहारातील वस्तूंनाच प्रोग्राममध्ये स्वतंत्र घटकांचे रूप द्यायचे, अशी ही कल्पना. तिच्यामुळे मॉडेलला नवे महत्त्व आले, कारण व्यवहाराचे चित्र आणि प्रोग्रामची रचना यांतले अंतर कमी होण्याची शक्यता निर्माण झाली. पण चित्र काढावे कसे याविषयी एकमत नव्हते. १९८९ ते १९९४ या काळात अशा पद्धतींची संख्या दहाच्या आतून पन्नासच्या वर गेली. ग्रेडी बूच आपल्या आकृत्यांत घटकासाठी ढगाची आकृती काढत, तर जेम्स रम्बॉ चौकट काढत. ज्याची त्याची लिपी निराळी.

रॅशनल या कंपनीत बूच यांच्यासमवेत १९९४ साली रम्बॉ आणि पुढच्या वर्षी स्वीडनचे इव्हार याकोबसन आले. तिघांनी मिळून एक सामाईक चित्रलिपी सिद्ध केली. तिला ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’, संक्षेपाने यूएमएल, असे नाव मिळाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये उद्योगसंस्थांच्या एका आंतरराष्ट्रीय संघाने तिला मानक म्हणून मान्यता दिली. ढग गेले, चौकटी राहिल्या. लिपी एक झाल्यामुळे संवाद सुकर झाला हे खरेच. परंतु प्रमाणीकरणासोबत आणखी एक अपेक्षा वाढीस लागली: चित्र पुरेसे तपशीलवार झाले की प्रोग्राम लिहिणे हे जवळजवळ यांत्रिक काम उरेल. २००५ सालच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपर्यंत आकृत्यांचे प्रकार नवावरून तेरावर गेले होते.

प्रत्यक्षात काय घडे, ते त्या व्यवसायातील माणसे जाणून होती. आरंभीचे काही महिने आकृत्यांत जात. प्रोग्राम लिहू लागल्यावर आकृतीत न दिसलेल्या अडचणी समोर येत. मग प्रोग्राम बदले, आकृती मात्र बदलण्यास कोणाला सवड नसे. वर्षभरात दोहोंचा संबंध सुटे, आणि नवा माणूस आकृती पाहून प्रोग्राम समजून घेऊ लागला की त्याची दिशाभूल होई.

३

त्याच वर्षांत दुसरी एक परंपरा आकार घेत होती. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी १९८७ साली अलेक्झांडर यांच्याच कल्पना सॉफ्टवेअरकडे वळवल्या. हे अलेक्झांडर मात्र गार्मिशच्या वेळचे नव्हते. दरम्यानच्या काळात त्यांनी पद्धतशास्त्राकडे पाठ फिरवली होती, आणि राहणाऱ्यांनीच आपल्या घराची रचना ठरवावी, त्यासाठी त्यांना एक भाषा द्यावी, या मताला ते आले होते. एकाच लेखकाच्या पूर्वायुष्यातील ग्रंथ आराखड्याच्या बाजूने आणि उत्तरायुष्यातील ग्रंथ संवादाच्या बाजूने वापरला जावा, हा योगायोग लक्षणीय आहे. १९८९ साली याच जोडीने साध्या पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर एकेका घटकाचे नाव आणि काम लिहून, ती टेबलावर सरकवत चर्चा करण्याची रीत मांडली. हेही मॉडेलच, पण हाताळता येणारे आणि टाकून देता येणारे. ज्या ‘विकी’च्या कल्पनेतून पुढे विकिपीडिया उभा राहिला, ती कनिंगहॅम यांनी १९९५ साली याच वर्तुळातील देवाणघेवाणीसाठी प्रत्यक्षात आणली होती.

१९९६ साली बेक क्रायस्लर या मोटार-कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर आले. तिथे घडलेली कार्यपद्धती त्यांनी १९९९ साली ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ या नावाने पुस्तकरूपाने मांडली. दोघांनी एकत्र बसून लिहावे, चाचणी आधी लिहावी, ग्राहकाच्या प्रतिनिधीने संघातच बसावे, असे तिचे बारा नियम होते. त्यांतला एक साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असा आहे: प्रत्येक प्रणालीसाठी एक रूपक असावे. क्रायस्लरच्या पगारपत्रकाचे रूपक होते कारखान्यातील जुळणीची साखळी. पगार म्हणजे सुटे भाग जोडून तयार होणारी वस्तू. आकृत्यांना बाजूला सारणाऱ्या पद्धतीलाही एका सामाईक चित्राची गरज भासली, आणि ते तिने शब्दांत शोधले. हा नियम बहुतेकांना उमगला नाही आणि पुस्तकाच्या २००४ सालच्या आवृत्तीतील नियमांत तो उरला नाही. क्रायस्लरचा प्रकल्पही काही हजार कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागल्यानंतर २००० साली थांबवण्यात आला.

४

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा तयार केला. हा जाहीरनामा म्हणजे मॉडेलिंगविरुद्धचे बंड, असा समज पुढे पसरला. तो फारसा खरा नाही. सतरा जणांत स्टीफन मेलर होते, ज्यांचे आयुष्य मॉडेलवरून थेट प्रोग्राम चालवण्याच्या ध्यासात गेले. मार्टिन फाउलर होते, ज्यांच्या छोट्या पुस्तकातून १९९७ पासून अनेक जण यूएमएल शिकत होते. जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर दस्तऐवजांहून अधिक मोल दिले आहे. पण दस्तऐवजांनाही मोल आहे, हे त्याच मजकुरात नमूद आहे. जिम हायस्मिथ यांनी त्या बैठकीचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात मॉडेलिंग आम्हांला मान्य आहे, फक्त धूळ खात पडणाऱ्या आकृत्या नकोत, अशा आशयाचा खुलासा आहे. रॉइस यांच्या निबंधाची जी गत झाली तीच याही मजकुराची झाली. वाक्याचा पूर्वार्ध घोषणा झाला आणि उत्तरार्ध विस्मरणात गेला.

खरे तर मेळ घालण्याचा एक प्रयोग स्नोबर्डपूर्वीच होऊन गेला होता. १९९७ साली सिंगापूर येथील एका मोठ्या बँकेच्या प्रकल्पावर जेफ डी लूका आणि पीटर कोड यांनी पन्नास माणसांच्या संघासाठी एक पद्धत बसवली. तिची पहिली पायरी होती संपूर्ण व्यवहाराचे ढोबळ मॉडेल, बँकेच्या जाणकारांसह एकत्र बसून केलेले. कोड यांच्या पद्धतीत घटकांना चार रंग असत, आणि रंगीत चिठ्ठ्यांवर ते मांडले जात. त्यानंतर ग्राहकाला उपयोगी अशा लहान लहान सुविधांची यादी करायची आणि प्रत्येक सुविधा दोन आठवड्यांच्या आत पुरी करायची. मॉडेल आधी, पण थोडेच. आणि पुढे प्रत्येक सुविधेबरोबर दुरुस्त होत जाणारे.

२००२ साली कॅनडातील स्कॉट अ‍ॅम्बलर यांनी ‘अ‍ॅजाइल मॉडेलिंग’ या नावाचाच ग्रंथ लिहिला. त्यांच्या नियमांना साहित्यव्यवहारातील मसुद्याचे तत्त्वज्ञान म्हणता येईल. कोणासाठी आणि कशासाठी हे ठाऊक असल्याशिवाय आकृती काढू नये. ती जेमतेम पुरेशी झाली की थांबावे. सुबक साधनाऐवजी फळा आणि खडू चालत असेल तर तोच वापरावा. आकृती बरोबर आहे की नाही हे प्रोग्राम लिहून सिद्ध करावे, आणि काम झाल्यावर ती पुसावी. यात मॉडेल टिकले, पण त्याची जात बदलली. पूर्वी ते अभिलेख होते, आता विचार करण्याची कृती झाले.

दुसरे आणि माझ्या मते अधिक मूलगामी उत्तर २००३ साली एरिक एव्हान्स यांच्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या ग्रंथाने दिले. त्यांच्या मते मॉडेल म्हणजे आकृती नव्हे. संघातील सर्वांनी मिळून घडवलेली भाषा हेच मॉडेल. व्यवसायातील जाणकार जो शब्द ज्या अर्थाने वापरतो, तोच शब्द त्याच अर्थाने चर्चेत, आकृतीत आणि प्रोग्राममध्ये आला पाहिजे. त्यांनी दिलेले एक उदाहरण पाहू. जहाज-कंपन्या क्षमतेपेक्षा दहा टक्के अधिक मालाची नोंदणी घेतात, कारण ऐनवेळी काही नोंदण्या रद्द होतात. प्रोग्राममध्ये हा नियम एका गुणाकारात दडलेला असतो. व्यापारी तो वाचू शकत नाही, आणि नव्या प्रोग्रामरला त्या आकड्यामागचे कारण समजत नाही. एव्हान्स त्या नियमाला ‘जादा नोंदणीचे धोरण’ असे नाव देतात आणि त्याला स्वतंत्र घटक करतात. नाव मिळताच तो नियम दोघांच्याही बोलण्यात येतो, त्यावर वाद घालता येतो, तो बदलता येतो. बेक यांचे रूपक जिथे अडखळले होते, तिथून पुढचा मार्ग या नामकरणाने दाखवला. रूपक दुसऱ्या क्षेत्रातून उसने आणावे लागते. येथे त्या व्यवहाराचीच बोली घासून-पुसून नेमकी केली जाते.

५

आपल्याकडे या वादाला एक वेगळे परिमाण होते, ते अंतराचे. भारतातील सॉफ्टवेअर-उद्योग मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडच्या ग्राहकांसाठी काम करीत वाढला. ग्राहकाने शेजारी बसावे ही एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची अट येथे सहजी पुरी होण्यासारखी नव्हती. जे बोलून सांगता येत नाही ते लिहून धाडावे लागते. थॉटवर्क्स कंपनीच्या बंगळूर कार्यालयातील अनुभवांवर लिहिताना फाउलर यांनी हे मोकळेपणी मान्य केले आहे: दूरच्या संघांना लेखी मजकूर अधिक लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे दूत म्हणून काही काळ राहावी लागतात.

पुण्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे संशोधन केंद्र १९८१ साली स्थापन झाले. मॉडेलवरून प्रोग्राम यंत्राकरवी निर्माण करण्याच्या तंत्रावर तिथे दीर्घकाळ काम झाले. कंपनीचे संशोधक विनय कुलकर्णी आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०११ साली अ‍ॅजाइल आणि मॉडेल-आधारित पद्धत एकत्र आणण्याच्या आपल्या सुरुवातीच्या अनुभवावर निबंध सादर केला. ठरावीक छोट्या मुदतीत काही तरी चालते हाती द्यायचे, ही अ‍ॅजाइलमधील ‘स्प्रिंट’ची कल्पना. मॉडेलवरून प्रोग्राम निर्माण करणाऱ्यांना ती जशीच्या तशी पुरत नाही, कारण त्यांना मॉडेल आणि त्याचे भाषांतर करणारे साधन या दोहोंवर काम करावे लागते. म्हणून त्यांनी नेहमीच्या स्प्रिंटला समांतर चालणाऱ्या ‘मेटा-स्प्रिंट’ची जोड सुचवली. मेळ घालायचा तर दोन निराळ्या गतींना एकत्र नांदवावे लागते, ही त्यातली जाण महत्त्वाची आहे. समजून घेण्याचा वेग आणि हाती देण्याचा वेग एक नसतो.

६

हा सारा इतिहास समन्वयाकडे सुखरूप पोहोचला असे म्हणण्यापूर्वी पीटर नाउर यांच्याकडे परत गेले पाहिजे. १९८५ साली त्यांनी लिहिलेल्या एका निबंधात प्रोग्राम लिहिणे म्हणजे ‘सिद्धान्त उभारणे’ असे प्रतिपादन आहे. हा शब्द त्यांनी गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाच्या अर्थाने घेतला. ज्याच्यापाशी सिद्धान्त आहे तो केवळ काम करीत नाही. ते तसे का केले हे सांगू शकतो आणि नवी गरज आली तर ती रचनेत कुठे बसेल हे ओळखू शकतो. नाउर यांनी एका कंपायलरचे उदाहरण दिले आहे. तो रचणाऱ्या संघाने सर्व टिपणांसह दुसऱ्या संघाच्या हाती दिला. दुसऱ्या संघाने सुचवलेले बदल मूळ रचनेवर ठिगळे लावणारे होते. मूळ संघाला त्याच रचनेत सामावणारे सोपे उपाय तत्काळ दिसत. काही वर्षांनी मूळ संघाचा सल्ला मिळेनासा झाला, तेव्हा रचनेचा सांगाडा दिसत होता पण भरीमुळे निरुपयोगी झाला होता. नाउर यांचा निष्कर्ष कठोर आहे. सिद्धान्त बाळगणारी माणसे पांगली की प्रोग्राम मृत होतो, आणि केवळ कागदांवरून त्याला जिवंत करता येत नाही.

मॉडेलवाद्यांना हा निष्कर्ष अडचणीचा होता. अ‍ॅजाइलवाद्यांना तो सोयीचा वाटला. स्नोबर्डच्या बैठकीतील अ‍ॅलिस्टर कोबर्न यांनी आपल्या अ‍ॅजाइलविषयक ग्रंथात नाउर यांचा निबंध परिशिष्ट म्हणून छापला. परंतु नीट वाचले तर तो दोघांनाही अडचणीत टाकतो. ज्ञान बोलण्यात राहते हे मान्य केले, तर बोलणारे निघून गेल्यावर काय, हा प्रश्न सुटत नाही, उलट तीव्र होतो. पुसलेला फळा त्या दिवशी खोलीत असलेल्यांच्या उपयोगी पडला. पाच वर्षांनी येणाऱ्या माणसासाठी त्यावर काही उरले नाही.

या नंतर येणाऱ्या वाचकाचा विचार १९८६ साली डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी केला होता. रचनेची प्रक्रिया कधीच सरळ रेषेत जात नाही, हे त्यांना मान्य होते. तरीही काम संपल्यावर ती सुसंगतपणे झाली असावी अशा रीतीने तिचे लेखन करावे, असा त्यांचा सल्ला होता. गणिती आपली सिद्धता शोधाच्या क्रमाने छापत नाही, वाचकाला समजेल अशा क्रमाने छापतो. घटनाक्रम आणि कथनक्रम यांतला भेद आपल्याला परिचित आहे. येथे तो वाचकाविषयीचे कर्तव्य म्हणून येतो. अ‍ॅम्बलर यांचा फळा आणि पार्नास यांचे नंतरचे लेखन यांत विरोध नाही. एक विचार करण्यासाठी आहे, दुसरे वारसा सोपवण्यासाठी. मेळाची चर्चा बहुतांशी पहिल्यावरच थांबली, आणि दुसरे काम कोणाच्याच वेळापत्रकात बसले नाही.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. २०२१ नंतरच्या काही वर्षांत मागणी शब्दांत सांगताच प्रोग्राम लिहून देणारी साधने सर्वत्र पोहोचली. तपशीलवार चित्रावरून यंत्राने प्रोग्राम लिहावा हे मॉडेलवाद्यांचे स्वप्न आणि थोडे लिहून लगेच चालवून पाहण्याची अ‍ॅजाइलवाद्यांची हौस, दोन्ही एकाच वेळी पुरी झाल्यासारखी दिसतात. नाउर यांची कसोटी मात्र तशीच उभी आहे: हे असे का केले, हे सांगू शकणारा माणूस कोण? अशा साधनाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या बाबतीत तो माणूस आरंभापासूनच नसण्याची शक्यता आहे. मग उरते ती संहिता, आणि तिच्यातून अभिप्राय शोधणारा वाचक. जादा नोंदणीच्या त्या दहा टक्क्यांना कोणी नाव दिले नसेल, तर त्या वाचकाला फक्त एक आकडा दिसेल.